जागेपुरता रंग

छायाचित्राचे संगणकावर संस्करण करताना रंग दोन तऱ्हांनी बदलता येतो. पहिला बदल सगळ्या चित्राला सरसकट लागू होतो. चित्र पिवळट आले असेल तर सगळेच थोडे निळसर करायचे, फिके आले असेल तर सगळेच रंग थोडे चढवायचे. दुसरा बदल निवडलेल्या भागापुरता असतो. आकाश तेवढे गडद, चेहरा तेवढा उजळ, साडी तेवढी हिरवी आणि बाकीचे जसेच्या तसे. छायाचित्रकार याला सरळ ‘लोकल ॲडजस्टमेंट’ म्हणतात. वरवर हे निव्वळ कारागिरीचे काम वाटते, पण त्याखाली एक जुना प्रश्न दडलेला आहे. रंग हा वस्तूचा गुण असेल, तर तो वस्तूच्या एका भागात बदलून दुसऱ्या भागात तसाच ठेवता येतो का? आणि येत असेल, तर बदलले ते नेमके काय: वस्तू, तिच्यावरचा प्रकाश, की पाहणाऱ्याची नजर? भारतीय दर्शनांनी कापड, मडके, शंख आणि स्फटिक पुढे ठेवून या प्रश्नावर शतकानुशतके वाद घातला आहे. त्या वादातले बरेचसे पक्ष आज संस्करणाच्या पडद्यावर पुन्हा भेटतात, आणि तेही त्यांची नावे ज्यांच्या कानांवर कधी पडली नाहीत अशांच्या हातून.

साधनांचा इतिहास थोडक्यात असा. कृष्णधवल छायाचित्रावर कुंचल्याने ओठ, दागिने आणि काठपदर रंगवण्याची रीत एकोणिसाव्या शतकात भारतातल्या स्टुडिओंत चांगलीच रुळली होती. म्हणजे जागेपुरता रंग रंगीत छायाचित्राच्याही आधीचा आहे. 1990 साली फोटोशॉपची पहिली आवृत्ती आली आणि हे काम संगणकावर सुरू झाले. 2006 मध्ये निकॉनच्या कॅप्चर एनएक्समध्ये चित्रावर एक बिंदू ठेवून त्याच्या आसपासचा त्याच रंगाचा भाग पकडण्याची सोय झाली. 2008 मध्ये लाइटरूमच्या दुसऱ्या आवृत्तीत रंग बदलणारा ब्रश आला. 2021 पासून ‘आकाश निवडा’, ‘मुख्य विषय निवडा’ अशी आज्ञा दिली की यंत्र स्वतःच हद्द आखून देते.

या सगळ्या साधनांच्या मुळाशी असतो तो मास्क. मास्क म्हणजे मूळ चित्राच्याच मापाचे दुसरे, करड्या छटांचे चित्र. त्यातल्या प्रत्येक पिक्सेलला 0 ते 255 यांपैकी एक अंक असतो. 255 म्हणजे बदल पूर्ण लागू, 0 म्हणजे मुळीच नाही, 128 म्हणजे जवळपास निम्मा. एखाद्या पिक्सेलचा लाल अंक मुळात 80 असेल, बदल पूर्ण लागू केल्यास तो 120 होणार असेल आणि मास्क तिथे निम्मा असेल, तर हाती 100 येतो. कडा मऊ ठेवायची तर मास्कचा अंक 255 वरून 0 वर हळूहळू उतरवतात. त्याला ‘फेदर’ म्हणतात. हद्द हाताने आखता येते, तशी रंगावरूनही आखता येते. रंगछटांचे 360 अंशांचे एक वर्तुळ मानलेले असते. त्यात लाल 0 वर, हिरवा 120 वर आणि निळा 240 वर असतो. ‘हिरवा निवडा’ म्हणजे या वर्तुळाचा हिरव्याभोवतीचा कंस निवडा, एवढाच त्या आज्ञेचा अर्थ.

ही निवड कुठे फसते ते पैठणीच्या छायाचित्रात चांगले दिसते. धूपछाँव पैठणीत ताण्याचे रेशीम एका रंगाचे आणि बाण्याचे दुसऱ्या रंगाचे असते. समजा, एक हिरवे आणि दुसरे जांभळे. नेसलेल्या साडीवर उजेड ज्या कोनातून पडेल त्याप्रमाणे निऱ्यांचा उंचवटा हिरवा दिसतो आणि खोलगट भाग जांभळा. अशा चित्रात ‘हिरवा निवडा’ म्हटले की साडीचे तुकडे पडतात. उंचवटे पकडले जातात, निऱ्यांचे खोलगट भाग सुटतात, आणि मागच्या आंब्याच्या डहाळीची पाने मात्र नको असताना आत येतात. शेवटी संस्करण करणारा ब्रश घेतो आणि साडी हाताने रंगवून निवडतो. यंत्रापुढे हिरव्या-जांभळ्या अंकांचा ढीग असतो. ती एक साडी आहे, हे ब्रश धरणाऱ्याला ठाऊक असते.

याच पेचावर न्याय-वैशेषिकांचा चित्ररूपाचा वाद उभा आहे. या परंपरेत रूप हा चोवीस गुणांपैकी एक, आणि तो फक्त डोळ्यांनी कळणारा. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रहा’त रूपाचे सात प्रकार सांगितले आहेत: शुक्ल, नील, पीत, रक्त, हरित, कपिश आणि चित्र. पहिले सहा नेहमीचे रंग. सातवा ‘चित्र’, म्हणजे चित्रविचित्र, बहुरंगी. नवख्या वाचकाला हा सातवा प्रकार यादीत उगाच घुसल्यासारखा वाटतो, पण तो नाइलाजाने आलेला आहे. वैशेषिकांच्या मते निळ्या आणि पिवळ्या धाग्यांपासून कापड विणले की धाग्यांहून वेगळे असे एक नवे द्रव्य जन्माला येते. त्याला ते अवयवी म्हणतात. हे द्रव्य एकच आहे. रूप हा गुण आपल्या आश्रयाला सगळीकडून व्यापून राहतो, अर्धवट राहत नाही. मग या कापडाचा रंग कोणता? निळा म्हणावा तर पिवळ्या धाग्यांपाशी तो नाही. पिवळा म्हणावा तर तीच अडचण. रंगच नाही म्हणावे तर कापड दिसणारच नाही, कारण रूपाशिवाय डोळ्यांना काही दिसत नाही. उरतो एकच मार्ग, तो म्हणजे कापडाला सगळीकडे व्यापणारा ‘चित्र’ नावाचा स्वतंत्र रंग मानणे.

या युक्तिवादात हट्ट आहे, पण तो आंधळा नाही. पाहणाऱ्याला वस्तू एक दिसते आणि तिच्या एकपणाला धक्का न लावता तिचा रंग सांगता आला पाहिजे, असा तो हट्ट आहे. संस्करण करणारा साडी अखंड निवडू पाहतो तेव्हा तोही हेच धरून बसलेला असतो. त्याला हिरवा नको असतो आणि जांभळाही नको असतो. त्याला ‘साडीचा रंग’ हवा असतो.

नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणीने ‘पदार्थतत्त्वनिरूपणा’त हा सातवा रंग काढून टाकला. एकाच कापडात निळा इथे आणि पिवळा तिथे असे मानायला काय हरकत आहे, असा त्याच्या म्हणण्याचा रोख. नैयायिकांना ही कल्पना अगदीच परकी नव्हती. झाडाच्या फांदीवर माकड बसले तर झाडाचा माकडाशी संयोग फांदीपाशी असतो, बुंध्यापाशी नसतो, तरी झाड एकच राहते. असा आश्रयाच्या एका भागातच राहणारा धर्म म्हणजे अव्याप्यवृत्ती. संयोग अव्याप्यवृत्ती असतो हे सर्वांनाच मान्य होते. रघुनाथाने ती मुभा रंगालाही दिली. मास्क नेमके हेच करतो. वस्तू एक, पण बदल तिच्या एका भागात आहे आणि दुसऱ्यात नाही. फरक आहे तो फेदरचा. नैयायिकाच्या लेखी संयोग एखाद्या जागी असतो किंवा नसतो. तो निम्मा असू शकतो, हे त्याच्या गावीही नाही.

सातव्या शतकात बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीने याच टोकाला उलट धार लावली होती. एक भाग रंगवला आणि दुसरा नाही, तर लाल असणे आणि लाल नसणे हे परस्परविरोधी धर्म एकाच वस्तूत कसे राहणार? राहत नसतील तर ती वस्तू एक नाहीच. अवयवी ही मनाने रचलेली गोष्ट. खरे आहेत ते भागच, आणि भागांचेही भाग. संस्करणाचे सॉफ्टवेअर आतून याच पक्षाचे आहे. त्याच्या फाइलमध्ये साडी नाही, चेहरा नाही, आकाशही नाही. प्रत्येक पिक्सेलचे तीन अंक आहेत, आणि रंगबदलाचे गणित प्रत्येक पिक्सेलवर सुटे-सुटे चालते, शेजाऱ्याची विचारपूस न करता. ‘आकाश निवडा’ ही नवी सोयसुद्धा यंत्राला आकाश दिसले म्हणून चालत नाही. माणसांनी ‘हे आकाश’ अशी खूण केलेल्या असंख्य चित्रांवरून ते शिकलेले असते, म्हणजे अवयवी तिथेही माणसाकडून उसना घेतलेला आहे. काम करणारा नैयायिक आणि हत्यार बौद्ध, अशी ही जोडी आहे. निवडीच्या कडेला राहून गेलेल्या निळ्या-जांभळ्या झालरीवरून दोघांचा जो तंटा चालतो, तो रोज संस्करण करणाऱ्यांच्या अंगवळणी पडला आहे.

पिक्सेलचे तीन अंकही सरळ कॅमेऱ्यातून आलेले नसतात. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची जाळी असते. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांच्या नावाने ती ओळखली जाते. तिचे पेटंट 1976 चे आहे. या जाळीत निम्म्या गाळण्या हिरव्या, पाव लाल आणि पाव निळ्या असतात. प्रत्येक जागी एकाच रंगाचे मोजमाप होते आणि उरलेले दोन अंक शेजारच्या मोजमापांवरून काढले जातात. चित्रातल्या रंगांच्या अंकांपैकी दोन तृतीयांश अशा रीतीने अनुमानाने आलेले असतात. ‘कॅमेऱ्याने जे पाहिले ते’ असे म्हणून रॉ फाइलकडे, म्हणजे सेन्सरच्या संस्करण न झालेल्या नोंदीकडे, बोट दाखवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवायला हवे. मोजमाप खरेच असते, पण रंग म्हणून जे पुढे येते त्यात पहिल्या पायरीपासूनच प्रत्यक्षाच्या जोडीला अनुमान आलेले असते.

बदल होतो म्हणजे काय होते, यावरही एक जुना वाद आहे. कच्चे काळे मडके भट्टीत भाजून लाल होते. वैशेषिकांच्या मते अग्नीने मडके परमाणूंपर्यंत सुटते, परमाणूंचा काळा रंग जाऊन लाल येतो, आणि त्या लाल परमाणूंपासून नवे मडके तयार होते. हा पीलुपाक. नैयायिकांना हे पटत नाही. मडके मोडत असते तर त्याच्यावर रचलेली मडकी कोसळली असती. कुंभाराला भट्टीत ठेवलेलेच मडके भट्टीतून निघालेले दिसते. म्हणून मडके तसेच राहून त्याचा रंग बदलतो, असे ते म्हणतात. हा पिठरपाक. जेपीईजी फाइलवर बदल करून ती त्याच नावाने साठवली की जे घडते ते पीलुपाकासारखे असते. जुने अंक गेले, नवे आले, चित्र पुन्हा मांडले गेले, आणि पाहणाऱ्याला मात्र वाटते की तेच चित्र फक्त रंगाने बदलले.

रॉ फाइलवरचे काम मात्र या दोन्ही पक्षांत बसत नाही. तिथे मूळ अंकांना हात लागत नाही. ‘या भागात निळा एवढा वाढवा, त्या भागात उजेड एवढा कमी करा’ अशी सूचनांची यादी शेजारी वेगळी ठेवली जाते आणि चित्र प्रत्येक वेळी त्या यादीनुसार पडद्यावर उभे केले जाते. यादी पुसली की मूळ जसेच्या तसे. दुधाचे दही होते तसा हा परिणाम नाही. याला वेदान्ती विवर्त म्हणेल, कारण मूळ अविकृत राहून केवळ दिसण्यात फरक पडतो. अर्थात विवर्तात दोरीवर साप दिसतो तो अज्ञानामुळे, आणि इथली सूचनांची यादी कुणीतरी पूर्ण शुद्धीत बनवलेली असते. हा फरक लहान नाही. पुढचा सगळा नैतिक प्रश्न त्यातूनच निघतो.

त्याआधी एक गोष्ट पाहायला हवी. जागेपुरता बदल खरेच जागेपुरता राहतो का? अंकांच्या हिशेबाने राहतो. मास्कच्या बाहेरच्या एकाही पिक्सेलचा अंक हलत नाही. पण डोळ्यांना दिसणारा रंग शेजारावर ठरतो. पॅरिसच्या गोब्लाँ विणकामशाळेत रंगाईचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांच्याकडे काळ्या रंगाबद्दल तक्रार आली होती, की तो हवा तसा भरीव दिसत नाही. तपासणीत काळ्या लोकरीची रंगाई चोख निघाली. दोष शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा होता. त्यांच्यामुळे काळा फिका भासत होता. यातून निघालेला रंगांच्या परस्पर-विरोधाचा सिद्धान्त त्यांनी 1839 च्या ग्रंथात मांडला. पुढे योझेफ आल्बर्स यांनी ‘इंटरॅक्शन ऑफ कलर’ या 1963 च्या पुस्तकात, एकच रंगाचा कागद दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर ठेवला तर दोन वेगळे रंग वाटतात, हे अभ्यासपाठांनी दाखवून दिले. म्हणून आकाश गडद निळे केले की खालचे पिवळे गवत, त्याला हात न लावता, जास्त पिवळे दिसू लागते. शेजारचा चेहरा उजळ केला की न बदललेला चेहरा काळवंडतो. समूहचित्रात एकाच व्यक्तीवर ब्रश फिरवणाऱ्याने बाकीच्यांवरही काहीतरी केलेले असते.

अकराव्या शतकात विक्रमशिलेच्या रत्नकीर्तीने ‘चित्राद्वैतप्रकाशवाद’ या ग्रंथात जी भूमिका घेतली ती इथे उपयोगी पडते. बहुरंगी दृश्याचे ज्ञान अनेक रंगांचे असूनही एकच असते. त्यातून निळ्याचे ज्ञान आणि पिवळ्याचे ज्ञान असे सुटे तुकडे वेगळे काढता येत नाहीत. धर्मकीर्तीने बाहेरच्या वस्तूचे एकपण मोडले होते. त्याच परंपरेतल्या रत्नकीर्तीने एकपणाची जागा ज्ञानात दाखवली. त्याच्या या मांडणीमागचा विज्ञानवाद, म्हणजे ज्ञानाबाहेर वस्तू नाही हे मत, न स्वीकारताही म्हणता येते की पाहिलेले चित्र एक असते. मास्कची हद्द फाइलमध्ये आहे. पाहण्यात तिची जागा कुठेच नाही.

आता सत्यासत्याचा प्रश्न. रंग बदललेले छायाचित्र खोटे असते का? याचे सरसकट उत्तर देता येत नाही, आणि ते का देता येत नाही हे दर्शनांतल्या दोन नेहमीच्या दृष्टान्तांवरून कळते. पहिला पिवळ्या शंखाचा. कावीळ झालेल्याला पांढरा शंख पिवळा दिसतो, असे त्यात मानलेले आहे. प्रभाकर मीमांसक म्हणतात, त्याला पित्ताचा पिवळेपणा कळतो आणि शंखही कळतो, दोघांचा संबंध नाही एवढेच कळायचे राहते. रामानुज ‘श्रीभाष्या’त आणखी पुढे जातात. डोळ्यांतून निघणारे किरण पित्त बरोबर घेऊन जातात आणि ते शंखावर चढते, सोन्याचा मुलामा चढावा तसे. म्हणजे तिथे पिवळे काहीतरी खरोखर आहे. स्पष्टीकरण कोणतेही घेतले तरी एक गोष्ट समान आहे. दोष पाहण्यात आहे, म्हणून तो शंखापुरता थांबत नाही. त्या रोग्याला दूध, भात आणि धोतरही पिवळेच दिसणार. दुसरा दृष्टान्त स्फटिकाचा. शंकराचार्य ‘ब्रह्मसूत्रभाष्या’त म्हणतात की अळित्यासारख्या उपाधीमुळे स्वच्छ स्फटिक मलिन होत नाही. लालपणा स्फटिकावर दिसतो, पण तो असतो शेजारच्या पदार्थाचा. इथे दोष एका जागेपुरता आहे. बाकीचे सगळे नीट दिसत असताना एकाच वस्तूवर दुसऱ्याचा रंग आला आहे.

सरसकट रंगबदल पहिल्या दृष्टान्ताच्या जातीचा आहे. पिवळ्या बल्बच्या उजेडाचे वर्णतापमान साधारण 2800 केल्विन आणि दुपारच्या उन्हाचे 5500 च्या आसपास. माणसाचा मेंदू हा फरक आपोआप भरून काढतो, कॅमेरा तेवढ्या सफाईने काढत नाही. व्हाइट बॅलन्स बदलून सगळे चित्र निळसर केले तर त्या कृतीने वस्तूंबद्दल काहीच म्हटले जात नाही. उजेड पिवळा होता एवढेच ती सांगते. ती काविळीवरचा उपचार आहे. ब्रश मात्र एकाच वस्तूवर फिरतो. भोवतीचे सगळे तसेच ठेवून एकट्या भिंतीचा रंग बदलला, तर पाहणारा तो बदल उजेडाच्या खाती घालू शकत नाही, कारण त्याच उजेडातल्या बाकीच्या वस्तू त्याच्यासमोर आहेत. तो बदल तो वस्तूच्या खाती घालतो: भिंतच तशी असणार. सरसकट बदल प्रकाशाविषयी बोलतो, जागेपुरता बदल वस्तूविषयी. दुसऱ्याची जबाबदारी म्हणूनच जास्त, मग स्लायडर किती का थोडा सरकवलेला असेना.

या भेदाला अपवाद आहेत आणि ते दोन्ही बाजूंनी आहेत. मंगल कार्यालयात वर ट्यूबलाइट, बाजूला पिवळे दिवे आणि दारातून येणारे ऊन असे तीन उजेड एकाच चित्रात येतात. नवरीचा अर्धा चेहरा हिरवट आणि अर्धा नारिंगी झालेला असतो. इथे सरसकट उपाय लागू पडत नाही. एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. जागेपुरता मास्क घेऊन दोन्ही गाल एका रंगावर आणले तर ते प्रकाशाचेच संस्करण ठरते. उलट बाजूचे उदाहरण 1994 चे. त्या वर्षी 27 जूनच्या अंकावर ‘टाइम’ साप्ताहिकाने खुनाचा आरोप असलेले खेळाडू ओ. जे. सिम्प्सन यांचे पोलिसांनी काढलेले छायाचित्र बरेच गडद करून छापले. त्याच आठवड्यात ‘न्यूजवीक’च्या मुखपृष्ठावर तेच छायाचित्र तसे गडद न करता आले होते. दुकानात दोन्ही अंक शेजारी-शेजारी दिसले आणि एका कृष्णवर्णीय आरोपीला मुद्दाम अधिक काळा दाखवल्याचा आरोप झाला. तिथे काळोख एका गालापुरता आखलेला नव्हता. तरी चित्रात माणसाचा चेहराच सर्व काही असल्यामुळे तो काळोख त्या माणसाविषयीचे विधान झाला. तेव्हा मास्क वापरला की नाही यावर निकाल देता येत नाही. बदल उजेडाच्या खाती जमा होतो की वस्तूच्या, हे विचारावे लागते.

त्वचेच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत बोचरा होतो. माणसांच्या त्वचेच्या छटा रंगवर्तुळावर बहुतेक लाल आणि पिवळ्याच्या मधल्या, म्हणजे नारिंगी पट्ट्यात येतात. गोरा आणि सावळा यांत छटेचा फरक थोडा असतो, उजळपणाचा जास्त. म्हणून नारिंगीचा उजळपणा वाढवणारा एक स्लायडर सरकवला की चित्रातले सगळे चेहरे उजळतात. त्यांच्याबरोबर लाकडी पाट, पितळी समई आणि विटांची भिंतही उजळते, म्हणून चेहऱ्यावर मास्क घालतात. स्थळासाठी काढलेल्या छायाचित्रात ‘रंग जरा उजळ करा’ ही मागणी इतकी नेहमीची आहे की ती पुरी करताना कुणाला आपण खोटे काही करतो असे वाटत नाही. पण ते छायाचित्र ज्या घरी जाणार तिथे ते मुलीविषयीचे विधान म्हणूनच वाचले जाणार असते, आणि मागणीही त्यासाठीच असते. यात उजेड सुधारण्याचा प्रश्नच येत नाही. स्फटिकाशेजारी अळिता जाणून-बुजून ठेवलेला असतो. शिवाय त्या मागणीतच सावळेपण ही दुरुस्त करायची चूक आहे हे गृहीत धरलेले असते, आणि रंगाविषयीच्या असत्यापेक्षा हे दुसरे असत्य जड आहे.

सगळ्याच प्रतिमांचे काम साक्ष देण्याचे नसते. देवतेची प्रतिमा ध्यानश्लोकात सांगितलेल्या वर्णाप्रमाणे करतात. तिचा रंग पाहून ठरलेला नसतो, तो विधानाने ठरलेला असतो. राजा रविवर्मा यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे देवदेवतांची रंगीत चित्रे शिळाछापाने निघत. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे आणि कोणता रंग कागदाच्या कोणत्या भागावर उतरायचा ते दगडावर आधीच ठरलेले असे. त्या चित्रांतला निळसर कृष्ण कुणाला खोटा वाटला नाही, कारण तो कुणा पाहिलेल्या शरीराचा दाखला नव्हताच. गाभाऱ्यातल्या काळ्या पाषाणमूर्तीच्या छायाचित्राची गोष्ट वेगळी आहे. ते पूजेतही ठेवले जाते आणि ‘मूर्ती अशी आहे’ असेही सांगते. समईच्या उजेडाने आलेला पिवळेपणा सरसकट काढला तर दुसरी भूमिका शाबूत राहते. ब्रशने पाषाण निळा केला तर छायाचित्र पहिल्या भूमिकेत पूर्णपणे सरकते. भाविकाला त्याचा विटाळ मानण्याचे कारण नाही. मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकाने मात्र ते पुरावा म्हणून वापरू नये.

वृत्तछायाचित्रात मुभा सर्वांत कमी असते. 2009 मध्ये डेन्मार्कच्या वार्षिक वृत्तछायाचित्र स्पर्धेत क्लाव्स बो क्रिस्टेन्सेन यांच्या हैतीमधल्या छायाचित्रांचे रंग परीक्षकांना अतोनात भडक वाटले. त्यांनी रॉ फाइली मागवल्या, ताडून पाहिल्या आणि ती छायाचित्रे बाद केली. चित्रात नसलेली वस्तू आणलेली नव्हती, असलेली काढलेली नव्हती. वाद होता तो फक्त रंगाच्या मात्रेचा, आणि किती म्हणजे अति याची रेघ आधी कुठेच लिहिलेली नव्हती. रेघ आखण्यासाठी परीक्षकांनी रॉ फाइलचा आधार घेतला, जिच्यावरून दिसणाऱ्या रंगाचाही बराच भाग अनुमानाचाच असतो. तरी तो आधार निरुपयोगी ठरत नाही. ज्या अनुमानाचा नियम सर्वांना ठाऊक आहे आणि जो सगळ्या चित्राला सारखाच लावला आहे, त्यावर विसंबता येते. काविळीच्या रोग्यालासुद्धा आपल्याला कावीळ आहे हे कळले की शंखाचा खरा रंग सांगता येतो.

2021 मध्ये स्थापन झालेल्या सी-टू-पी-ए या गटाने छायाचित्रासोबत त्याच्या संस्करणाची नोंद बांधून ठेवण्याचे मानक तयार केले आहे. फाइल कोणत्या साधनाने निर्माण झाली, नंतर तिच्यावर कोणत्या प्रकारच्या क्रिया झाल्या, हे त्यात लिहून ठेवता येते आणि मागाहून नोंदीत फेरफार झाला तर तो उघड होतो. सूचनांची यादी ज्याने शुद्धीत बनवली त्याच्या कृतीचा माग यामुळे राहतो. पण रंग बदलला, एवढेच अशी नोंद सांगू शकते. भिंतीवर खरोखर शेजारच्या निळ्या ताडपत्रीचे प्रतिबिंब पडले होते म्हणून तिचा निळेपणा उतरवला, की भिंत मुळातच निळी होती, हे अंकांवरून ठरत नाही. ते त्या वेळी तिथे उभ्या असलेल्याला माहीत असते. नैयायिकांच्या भाषेत, छायाचित्र इथे प्रत्यक्ष आणि अनुमान या प्रमाणांच्या कक्षेतून शब्दप्रमाणाच्या कक्षेत येते, आणि सांगणारा आप्त, म्हणजे विश्वासार्ह, आहे की नाही याची परीक्षा छायाचित्राबाहेरच करावी लागते.